लोणावळा ते परळ : चिंतेच्या विज्ञानाचा प्रवास

वाशी सोडली की पनवेलहून मुंबईला जाणारी लोकल खाडीपुलावर येते. मानखुर्द येईपर्यंत मध्ये स्टेशन नाही. २०१४ च्या पावसाळ्यात एका सकाळी याच पुलावर आमची गाडी सिग्नलला थांबली. डबा नेहमीसारखाच खच्चून भरलेला होता, वेगळे असे काहीच घडले नव्हते. आणि एकाएकी आमच्या छातीत धडधडू लागले, तळहात ओले झाले, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेनासा झाला. आपण आता इथेच संपणार, अशी जवळजवळ खात्रीच वाटली. गाडी हलली, मानखुर्दला आम्ही कसेबसे उतरलो आणि बाकावर बसून राहिलो. वीसेक मिनिटांत सारे ओसरले. संध्याकाळी काढलेला हृदयाचा आलेख स्वच्छ निघाला. तपासणारे डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन आहे. टेन्शन घेऊ नका."

सल्ला प्रेमाचा होता, पण तो पाळायचा कसा हे कोणी सांगितले नाही. पुढचे सहा-सात महिने आम्ही लोकल टाळून एस.टी.ने मुंबई गाठत होतो. त्यात रोज दोन तास जास्त जात. व्यवसायाने संशोधक असूनही स्वतःच्या शरीरात काय चालले आहे याचा शोध घ्यावा, हे आम्हाला सुचले नाही. अखेर शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने जुन्या शोधनिबंधांचा एक गठ्ठा हाती दिला. तो वाचताना ध्यानात आले की चिंतेच्या विज्ञानाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली दोन महत्त्वाची ठिकाणे आमच्या घराच्या दोन बाजूंना आहेत. घाट चढून गेले की लोणावळा, आणि खाडी ओलांडली की परळ. त्या इतिहासाची ओळख आपल्याला करून द्यावी, हा या लेखाचा हेतू.

होडीपासून लोकलपर्यंत

पनवेल हे जुने बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी पूर्वी होडीने पनवेलला उतरे आणि पुढे घाटाकडे निघे. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. येथे नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावण्याच्याही एक वर्ष आधी. पुढे घाटातली रेल्वे कर्जतमार्गे गेली आणि पनवेल बाजूला पडले. शंभर वर्षे हे गाव आपल्या गतीने चालत राहिले. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली सुरू केलेला धूतपापेश्वरचा औषधी कारखाना, मिठागरे, भातशेती, तांदळाचा व्यापार, अशी त्याची ओळख होती.

१९६४ मध्ये दिवा-पनवेल रेल्वे आली, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९९८ मध्ये उपनगरी लोकल पनवेलला पोचली. त्या दिवसापासून मुंबईचे घड्याळ पनवेलच्या मनगटावर बसले. २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. सकाळची अमुक गाडी चुकली तर पुढचा सारा दिवस चुकतो, हा हिशेब आज येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, कारण तो आईबाबांच्या चेहऱ्यावर रोज वाचतो.

शहराचा वेग माणसाला आजारी पाडतो का? हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो रेल्वेइतकाच जुना आहे.

वाफेचे यंत्र आणि कमकुवत मज्जा

१८६६ साली लंडनमधील शल्यविशारद एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्या, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या प्रवाशांच्या तक्रारींविषयी व्याख्याने प्रसिद्ध केली. झोप न येणे, थरकाप, एकाग्रता नसणे अशा या तक्रारी होत्या. त्यांचे मूळ पाठीच्या कण्याला बसलेल्या धक्क्यात असावे, असे त्यांना वाटले. तीन वर्षांनी न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी अशाच लक्षणांना 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असे नाव दिले. शरीरात मज्जाशक्तीचा ठरावीक साठा असतो आणि आधुनिक जीवन तो संपवून टाकते, अशी त्यांची कल्पना होती. १८८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी पाच दोषी उभे केले : वाफेची शक्ती, वृत्तपत्रे, तारायंत्र, विज्ञान आणि स्त्रियांची बौद्धिक हालचाल!

शेवटचा दोषी वाचून आज हसू येते. पण बाकीच्या यादीत तारायंत्राच्या जागी मोबाइल आणि वृत्तपत्राच्या जागी चोवीस तासांच्या बातम्या घाला, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही व्याख्यानमालेत ती खपून जाईल. बिअर्ड यांचे निरीक्षण पूर्ण चुकीचे नव्हते. त्यांच्यापाशी उणीव होती ती मोजमापाची. मज्जाशक्तीचा साठा कोणी पाहिला नव्हता, मोजला नव्हता. म्हणूनच हा सिद्धान्त पुढे टिकला नाही. त्याचे उष्टे मात्र 'नसांची कमजोरी' घालवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींतून आपल्या भिंतींवर कितीतरी वर्षे रंगवलेले होते.

मांजरे आणि उंदीर

मोजमापाची सुरुवात झाली ती अनपेक्षित रीतीने. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला. त्यानंतर वर्षभरातच हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने, पचन कसे होते हे पाहण्यासाठी, मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली त्यांच्या जठराच्या हालचाली बघायला सुरुवात केली. एक गोष्ट त्याच्या प्रयोगात वारंवार आडवी येई. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराच्या हालचाली तत्काळ थांबत. ते शांत झाले की हळूहळू पुन्हा सुरू होत.

दुसऱ्या कोणी ती अडचण समजून सोडून दिली असती. कॅनन यांनी तोच आपला विषय केला. भीतीच्या क्षणी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन रक्तात येते, हृदय वेगाने धडकते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, यकृतातील साखर रक्तात उतरते, तळहातांना घाम सुटतो. शरीर एकतर लढायला किंवा पळायला सज्ज होते. १९१५ च्या ग्रंथात कॅनन यांनी हे सारे मांडले. वाघ समोर आल्यावर ही व्यवस्था जीव वाचवते. पण खाडीपुलावर अडकलेल्या डब्यात लढायचे कोणाशी आणि पळायचे कुठे?

आपल्या भाषेने मात्र हे शास्त्र आधीच नोंदवून ठेवले आहे. पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, घशाला कोरड पडणे, हातपाय गार पडणे, अंगावर काटा येणे, हे वाक्प्रचार म्हणजे अनुकंपी मज्जासंस्थेच्या कामाची जणू सूचीच. वर्गात हा धडा शिकवताना फळ्यावर आधी वाक्प्रचार लिहून घ्यावेत आणि मग त्यांच्यासमोर शरीरक्रिया. मुले चटकन पकडतात.

कॅनन यांनी क्षणिक भीती पाहिली. दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाचे काय, हे पाहिले हान्स सेल्ये यांनी. माँट्रियल येथे काम करताना ते एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना अर्काची इंजेक्शने देत होते. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. संप्रेरक सापडले, असे वाटून ते आनंदले. पण थंडीत ठेवले, अतिश्रम करायला लावले किंवा फॉर्मॅलिन टोचले, तरी तेच परिणाम! हाती आलेला शोध निसटला होता, पण त्यातून दुसराच मोठा शोध लागला. त्रास कोणताही असो, शरीराच्या प्रतिक्रियेचा एक भाग सारखाच असतो. १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. पुढे या कल्पनेला त्यांनी यंत्रशास्त्रातला शब्द दिला, ताण.

अमळनेरचा शिक्षक

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा, बडोदा संस्थानातील डभोईचा. संस्कृतचे ते हुशार विद्यार्थी होते, मॅट्रिकला त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली होती. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायामविद्या शिकले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी शिक्षक म्हणून काम केले. थोड्याच वर्षांनी साने गुरुजी ज्या संस्थेच्या शाळेत शिकवू लागले, तीच ही संस्था. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे गुणे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले.

योगाने अमुक रोग बरा होतो, तमुक शक्ती मिळते, असे दावे तेव्हाही पुष्कळ होते. या शिक्षकाचे वेगळेपण असे की दावा ऐकल्यावर त्यांना उपकरण आठवे. १९२० नंतरच्या वर्षांत बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची क्ष-किरणांखाली तपासणी केली. कॅनन यांची मांजरे आणि कुवलयानंदांचे साधक यांच्यामध्ये जेमतेम पाव शतकाचे अंतर आहे, आणि साधन एकच. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने दाखवले आणि त्या अवस्थेला आपल्या गुरूंचे नाव दिले.

१९२४ मध्ये लोणावळ्याला 'कैवल्यधाम' ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे त्रैमासिक निघाले. त्यात प्रयोगांचे अहवाल तक्त्यांसह छापले जात. १९३० च्या दशकात संस्थेची मुंबईत शाखा निघाली. शालेय शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समित्यांवरही कुवलयानंदांनी काम केले.

त्यांच्या एका निष्कर्षाकडे आम्ही आपले मुद्दाम लक्ष वेधतो. प्राणायामात खूप प्राणवायू आत जातो आणि म्हणून लाभ होतो, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही अनेक शिबिरांत ती सांगितली जाते. कुवलयानंदांनी आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या हवेचे पृथक्करण केले. संथ प्राणायामात मिनिटाला घेतला जाणारा प्राणवायू वाढत नाही, असे त्यांना आढळले. प्राणायामाचे मोल प्राणवायूत नाही, ते मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. स्वतः योगाचे निष्ठावंत उपासक असताना योगाच्या बाजूचा एक लाडका युक्तिवाद मोडीत काढायला जी सचोटी लागते, तिलाच आपण वैज्ञानिक वृत्ती म्हणतो.

हा निष्कर्ष वाचताना आम्हाला आमचा खाडीपूल आठवला. निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त प्राणवायूने आधीच सुमारे ९७ टक्के संपृक्त असते. त्या सकाळी श्वास पुरत नाही असे वाटून आम्ही धापा टाकत होतो. त्याने प्राणवायू वाढला नाही, उलट कर्बद्विप्राणील वायू मात्र भराभर बाहेर गेला. तो फार कमी झाला की रक्ताची आम्लता घटते, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी आम्ही आणखी घाबरलो आणि आणखी धापा टाकल्या. चक्र पूर्ण झाले! अशा वेळी "जोरात श्वास घ्या" हा शेजाऱ्यांचा सल्ला आगीत तेल ओततो. गरज असते ती श्वास संथ करण्याची.

हृदय थांबले का?

लोणावळ्याच्या कामाने परदेशी संशोधकांचेही लक्ष वेधले. १९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ आपली उपकरणे घेऊन भारतात आले आणि त्यांनी लोणावळ्यासह अनेक ठिकाणी योग्यांची तपासणी केली. इच्छेने हृदय थांबवता येते, असा काहींचा लौकिक होता. वेंगर, बागची आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आनंद यांनी १९६१ मध्ये याचा अहवाल दिला. मनगटावरची नाडी लागेनाशी होत होती, स्टेथोस्कोपमधून ठोकेही ऐकू येत नव्हते, पण विद्युत आलेखावर हृदय चालूच होते. श्वास रोखून छातीपोटाचे स्नायू ताणल्यामुळे छातीतला दाब वाढे आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई.

चमत्कार गेला, पण त्याच्या जागी एक उपयुक्त गोष्ट हाती आली. हृदयावर थेट हुकूम चालत नाही. श्वास आणि स्नायू यांच्यामार्फत मात्र त्याच्याशी बोलता येते. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या ग्रंथात हेच स्नायूंच्या बाजूने मांडले होते. एकेक स्नायू आधी ताणून मग सैल सोडायला शिकवले, की चिंताही उतरते. १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी त्याला पायऱ्यांची जोड दिली. शिथिल अवस्थेत राहून भीतीच्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे जायचे, आधी सोपी पायरी, मग अवघड.

परळचा प्रयोग

आता खाडी ओलांडून परळला जाऊ. के.ई.एम. रुग्णालयातील मनोविकार विभागाचे प्रमुख डॉ. एन. एस. वहिया यांच्याकडे येणारे रुग्ण म्हणजे गिरण्या, कचेऱ्या आणि चाळी यांची मुंबई. औषधांनी बरे न वाटलेले चिंताग्रस्त रुग्ण परत परत येत. वहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांतील कल्पनांचा उपचारासाठी विचार केला. त्यांच्या १९६६ च्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'मधील निबंधाचे सहलेखक होते डॉ. विनेकर आणि डॉ. डुंगाजी. हे विनेकर लोणावळ्याचे. १९६३ मध्ये कुवलयानंदांबरोबर योगोपचारावरचे पुस्तक लिहिणारे तेच. अशा रीतीने घाटावरची प्रयोगशाळा आणि परळचे रुग्णालय जोडले गेले.

उपचाराच्या पाच पायऱ्या होत्या : निवडक आसने, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान. रोज सुमारे तासभर, असे काही आठवडे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात वहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची काळजी घेतली. त्यांनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवला. या गटानेही तितकाच वेळ दिला, आसनांसारख्या हालचाली केल्या, प्राणायामासारखे श्वसन केले. मनाच्या पायऱ्या मात्र त्यांना शिकवल्या नाहीत. चिंतेच्या प्रश्नावलीवर पूर्ण उपचार घेतलेल्या गटात अधिक सुधारणा दिसली.

येथे सावध राहिले पाहिजे. हे गट लहान होते आणि आजच्या कसोट्यांवर त्या अभ्यासांत उणिवा काढता येतील. योग सर्व मनोविकार बरे करतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही आणि वहियांनीही तो प्रयोग तपासणीसाठीच केला होता. तरी आपल्या परंपरेतील एका उपायाला 'आमचे ते सोने' म्हणून मिरवायचे नाही, 'जुने ते टाकाऊ' म्हणून फेकायचेही नाही, तर तुलनेचा गट लावून तपासायचे, हा धडा परळने घालून दिला. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांचे शिथिलीकरणावरचे गाजलेले पुस्तक आले ते नंतर, १९७५ साली.

'झालेच पाहिजे'चा जाच

शरीराकडून मनाकडे जाणारी ही एक वाट. दुसरी वाट विचारांची. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडले की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन असतो. "मला यश मिळावे" ही इच्छा निरोगी आहे. "मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल" ही हट्टी मागणी चिंता निर्माण करते. एलिस स्वतः तरुणपणी सभेत बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवून पुन्हा पुन्हा भाषणे केली आणि ती भीती घालवली.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ मध्ये एलिस यांना पत्र लिहिले आणि तो पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. एलिस यांच्या पद्धतीचे प्रशिक्षण देण्याची अधिकृत मान्यता मिळवून फडके यांनी ही विचारसरणी महाराष्ट्रात रुजवली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्य संस्था सुरू केली आणि हे विचार मराठीतून शाळा, पालक, कार्यकर्ते यांच्यापर्यंत गेले. दहावीच्या वर्गात 'नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत' हे वाक्य किती घरांतून येते, ते शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

वर्गातला एक प्रयोग

दोन वर्षांपूर्वी पनवेलच्या एका शाळेत दहावीच्या मुलांपुढे बोलायचा योग आला. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "पेपर हातात आला की मला काहीच आठवत नाही. भीती वाटूच नये म्हणून काय करायचं?" उत्तराऐवजी आम्ही एक प्रयोग केला. तो आपल्यालाही करता येईल.

मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने शांत बसून, घाई न करता चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर सोडावा. श्वास घेताना एक हात वर न्यावा, सोडताना खाली. श्वास रोखायचा नाही. जोडीदाराने त्याच्या दुसऱ्या मनगटाची नाडी धरून प्रत्येक ठोक्याला पेन्सिलीने कागदावर टिंब द्यावे. दोन-तीन मिनिटांत बहुतेक जोड्यांच्या ध्यानात येते की हात वर जाताना ठोके जवळजवळ पडतात आणि खाली येताना लांब लांब. हे १८४७ साली कार्ल लुडविग यांनी नोंदवले होते. कारण असे : हृदयाला आवर घालणारा व्हेगस हा मज्जातंतू श्वास सोडताना अधिक काम करतो. त्याच्या टोकांतून एक रसायन स्रवते आणि ते हृदय मंद करते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की त्या लगामाला जास्त वेळ मिळतो. कोणाला चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबावे, आणि दम्याच्या मुलांना नाडी मोजण्याचेच काम द्यावे.

त्या मुलीला आम्ही सांगितले, "भीती वाटणारच. ती तुझी शत्रू नाही, ती शरीराची सज्जता आहे. पेपर हातात आला की आधी दोन मिनिटे हेच कर, मग सोपा प्रश्न शोध." आणि मग, आजवर बाहेर कोणाला न सांगितलेली खाडीपुलाची गोष्टही सांगितली. वर्ग एकदम शांत झाला. नंतर चार मुले भेटायला थांबली. त्यांतल्या एकाची हकीकत श्वासाच्या व्यायामाने भागणारी नव्हती. शिक्षकांनी त्याच्या पालकांना बोलावून घेतले.

स्वतःची काळजी, पण कुठवर?

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता. प्रौढांपैकी सुमारे १० टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. महानगरांतले प्रमाण ग्रामीण भागाच्या सुमारे दुप्पट निघाले. म्हणजे बिअर्ड यांची शंका अगदीच निराधार नव्हती. गर्दी, अपुरी झोप, प्रवासात जाणारे तीन तास आणि नोकरीची अनिश्चिती यांवर दीर्घ उच्छ्वास हा उपाय नव्हे. ती कामे शासनाची, रेल्वेची आणि मालकांची आहेत. माणसाला श्वास संथ करायला शिकवून डबा तसाच कोंबलेला ठेवायचा, यात न्याय नाही. पण डबा रिकामा होईपर्यंत आपण श्वास संथ करायचाच नाही, असेही नाही.

आम्ही शेवटी पनवेलमधल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. पहिल्या दिवशी घरी दाताच्या डॉक्टरांकडे जातो, असे सांगितले होते. एवढे शिकून ही लाज! त्यांनी काही महिने औषध दिले, आणि वोल्पे यांच्या पायऱ्या आखून दिल्या. आधी दुपारच्या रिकाम्या गाडीने बेलापूरपर्यंत. मग वाशीपर्यंत. मग एका रविवारी सोबत घेऊन पुलापलीकडे मानखुर्द. मग एकटे. दर पायरीवर भीती आली, चढली आणि न पळता थांबल्यावर उतरलीही. अकराव्या आठवड्यात आम्ही पुन्हा सकाळच्या गर्दीच्या लोकलला उभे होतो.

आपल्या वर्गात, शिक्षकखोलीत किंवा आपल्या स्वतःच्या बाबतीत झोप उडणे, भूक जाणे, ठिकाणे टाळणे असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर 'टेन्शन घेऊ नका' म्हणून थांबू नये. डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटतो, असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. केंद्र शासनाची २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लावायला काही खर्च येत नाही.

गाडी आजही कधीमधी खाडीपुलावर थांबते. छातीत थोडे धडधडते. आम्ही खाली पाण्याकडे पाहतो, चार आकडे मोजत श्वास घेतो, सहा मोजत सोडतो. कॅनन यांची मांजरे, बडोद्याची क्ष-किरण खोली आणि परळचे ते दोन गट आठवतात. तोवर सिग्नल मिळतो.